वेगळेपणाचा खर्च कोणाच्या माथी?

मिरज जंक्शनात एके काळी तीन मापांचे लोहमार्ग एकत्र येत असत. पुणे-कोल्हापूर मार्ग १९७० च्या दशकाच्या आरंभी रुंद, म्हणजे १६७६ मिलिमीटरांचा झाला. लोंढ्याकडे जाणारा मार्ग त्यानंतरही बरीच वर्षे एक मीटरचाच राहिला. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी पूर्वीच्या बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी ७६२ मिलिमीटरांच्या रुळांवरून धापा टाकीत येई. सांगली जिल्ह्यातील जुन्या पिढीला हे दृश्य आठवत असेल. परंतु त्यामागचा हिशोब क्वचितच कोणी मांडला. दोन मापे जेथे भेटतात तेथे माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागतो. त्यात वेळ जातो, पोती फाटतात, हमाली पडते. ज्यांनी रूळ टाकले त्यांनी आपल्याला स्वस्त पडेल ते माप निवडले. त्या निवडीची किंमत मात्र जंक्शनातील हमालाच्या पाठीने आणि अखेरीस हळदीची पोती पाठविणाऱ्याच्या खिशाने भरून दिली. अर्थशास्त्रात या प्रकाराला बाह्य खर्च म्हणतात: निर्णय एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला.

संगणकाच्या क्षेत्रात हाच प्रश्न आज वेगळ्या रूपाने उभा आहे, आणि त्याची चर्चा केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. प्रत्येक संगणकात यंत्र आणि वापरणारा यांच्यामध्ये एक पायाभूत व्यवस्था असते; तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही मायक्रोसॉफ्टची. मॅक ओएस ही ॲपलची. आणि लिनक्स ही १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेली व आज जगभरच्या हजारो हातांनी चालणारी. (खेड्यापाड्यांतील ज्या माणसांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्या सर्वांच्या खिशात लिनक्सचाच गाभा आहे, त्यांना हे कोणी सांगितलेले नसते, एवढेच.) या तिन्ही मार्गांवरची माणसे जेथे एकत्र येऊन काम करतात ते क्षेत्र म्हणजे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. त्याचा कोड सर्वांना वाचता येतो, सुधारता येतो, वाटता येतो. मालकी कोणा एकाची नाही, प्रवेशाला मज्जाव नाही. सातारा-सांगलीच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. सहकारी संस्थेच्या पोटनियमांतील खुल्या सभासदत्वाचे तत्त्व ते हेच. आणि सहकारी संस्थांचा अनुभव असलेल्या वाचकाला हेही ठाऊक असते, की सभासदत्व कागदावर खुले असणे आणि सामान्य माणसाला आत शिरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आडकाठी कोठे येते? कारणे वरवर पाहता अगदी क्षुल्लक असतात. ओळ संपली हे सांगण्यासाठी लिनक्स एक खूण वापरते, विंडोज परंपरेने दोन. टाइपरायटरचा गाडा मागे ओढणे आणि कागद वर सरकविणे या दोन जुन्या क्रियांची ती स्मृती होय. पुरेशी काळजी घेतलेली नसेल, तर विंडोजवर बसून कोणी हजार ओळींच्या फाइलीतील एक स्वल्पविराम सुधारतो, आणि प्रकल्पाच्या नोंदीत हजारच्या हजार ओळी बदलल्याचे दिसते. तपासणारा वैतागतो आणि दुरुस्ती परत पाठवतो. इंग्रजी अक्षराची मोठी आणि लहान रूपे लिनक्स वेगळी मानते. विंडोज आणि मॅक सामान्यतः मानत नाहीत. तेव्हा केवळ या रूपांनी भिन्न असलेली दोन नावे एका ठिकाणी सुखाने नांदतात आणि दुसऱ्या ठिकाणी एकमेकांना पुसून टाकतात. काही नावे तर विंडोजने डॉसच्या काळापासून राखीव ठेवली आहेत. ‘ऑक्स’ हे त्यांतील एक, आणि लिनक्सच्या स्वतःच्या गाभ्यात त्याच नावाची एक फाइल आहे. परिणामी लिनक्सच्या गाभ्याचा संपूर्ण कोड विंडोजच्या साध्या संगणकावर सरळपणे उतरवूनही घेता येत नाही.

मराठीच्या बाबतीत हे दुखणे अधिक खोल आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यानेच पुरविले आहे. कऱ्हाड हे नाव घ्यावे. त्यातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांसाठी ठरलेल्या सामाईक संकेतावलीत, दोन प्रकारे लिहिलेले चालते: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन तुकड्यांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकवर २०१७ पर्यंत जी फाइल-व्यवस्था रूढ होती, ती फाइलीच्या नावातील अशा अक्षरांचे न विचारता तुकडे करीत असे. लिनक्स आणि विंडोज दिलेले नाव आहे तसेच ठेवीत. यामुळे तालुकावार माहितीच्या एखाद्या सामाईक प्रकल्पात ‘कऱ्हाड’ नावाची एक फाइल मॅकवरून फिरून आली की लिनक्सवर कऱ्हाड नावाच्या दोन फायली दिसू शकत. डोळ्यांना एक, यंत्राला दोन. सामाईक कोड सांभाळण्यासाठी टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली रचलेल्या ‘गिट’ या साधनात यावर उपाय येण्यास २०१२ साल उजाडावे लागले.

प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ यांतील अर्धा र उमटविण्याचीही दुसरी रीत आहे: साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. एका कळफलकावर लिहिणारा पहिली रीत वापरतो, दुसऱ्यावर लिहिणारा दुसरी, आणि दोघांनाही आपण काही वेगळे केले याची कल्पना नसते. मग एकाने लिहिलेल्या ‘दऱ्या’ दुसऱ्याच्या शोधात सापडत नाहीत. शोध घेणाऱ्या आज्ञावलीत त्याची खास तजवीज करावी लागते. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. जुन्या विंडोजवर त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे.

आणि त्याआधीचा काळ आठवावा. महाराष्ट्रातील छापखान्यांनी व कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांत घडविला. या टंकांत देवनागरीची रूपे रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेली असत, आणि प्रत्येक विक्रेत्याची घरवाटणी निराळी. टंक नसलेल्या संगणकावर तो मजकूर उघडला की निरर्थक रोमन अक्षरांचा सडा. त्या काळात १९८८ ची व पुढे १९९१ ची भारतीय मानक संकेतावली अस्तित्वात नव्हती असे नाही. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही त्याच भारतीय कामावर आधारलेली आहे. मानक होते, ते पाळण्याची सक्ती कोणावर नव्हती. याचा भुर्दंड कोणी भरला? तोच मजकूर पुन्हा टंकित करणाऱ्या, बहुधा पानामागे दर ठरवून घेतलेल्या, मुलामुलींनी. वाईच्या कृष्णाकाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली उभा राहिलेला आणि १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला तो मराठी विश्वकोश आज कोणत्याही सिस्टीमच्या संगणकावर व फोनवर वाचता येतो, याचे कारण तो युनिकोडमध्ये आला हे आहे. तो एखाद्या कंपनीच्या टंकातच राहिला असता, तर त्याचे वाचक त्या कंपनीचे ग्राहक तेवढेच उरले असते.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. माण, खटाव, आटपाडी, जत यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून अभियांत्रिकीला आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा जुना, क्वचित दुसऱ्याने वापरून विकलेला लॅपटॉप असतो. त्यावर विंडोज असते. ती त्याने निवडलेली नसते. यंत्राबरोबर आलेली असते. मुक्तस्रोत प्रकल्पात हातभार लावण्याची त्याला हौस असते आणि कुवतही असते. परंतु प्रकल्पाच्या पहिल्या पानावरील सूचना लिनक्सवाल्यांसाठी लिहिलेल्या असतात, आणि सूचनेप्रमाणे दिलेली पहिलीच आज्ञा त्याचा संगणक ओळखत नाही. दोन संध्याकाळी तो झगडतो. तिसऱ्या दिवशी तो येत नाही. ही गळती कोणत्याही नोंदीत दिसत नाही, कारण जो आत आलाच नाही त्याची हजेरी लागत नाही. प्रकल्पाचे चालक मग प्रामाणिकपणे म्हणतात, आमच्याकडे विंडोजवरून काम करणारे कोणी नाहीत, मग त्यांच्यासाठी सोय कशाला? पाणवठ्यावर ज्यांना येऊच दिले नाही त्यांना तहान नाही, असे म्हणण्यासारखेच हे आहे.

यावर एक सुचविले जाते, की अशा विद्यार्थ्याने विंडोजच्या पोटात लिनक्स चालवावे. मायक्रोसॉफ्टनेच २०१६ पासून तशी व्यवस्था करून दिली आहे. ज्या कंपनीच्या तत्कालीन प्रमुखाने २००१ साली लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली, तिनेच पंधरा वर्षांनी ते आपल्या घरात ठेवून घ्यावे आणि मुक्तस्रोताचे सर्वांत मोठे सामाईक कोठार असलेले ‘गिटहब’ २०१८ साली साडेसात अब्ज डॉलरना विकत घ्यावे, हा भांडवलाच्या लवचिकतेचा नमुनाच म्हणावा लागेल. उपाय कामाचा आहे, नाही असे नाही. पण एका संगणकाच्या पोटात दुसरा चालवायचा तर स्मृती अधिक लागते. चार गिगाबाइटांच्या जुन्या यंत्राला तो भार पेलत नाही. म्हणजे सोय झाली ती ज्यांची आधीच सोय होती त्यांची.

दुसरा आक्षेप तत्त्वनिष्ठांचा आहे आणि तो अधिक आदराने ऐकला पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअरचा हेतूच मक्तेदारीतून सुटका हा असेल, तर मक्तेदाराच्या सिस्टीमवर ते चालावे म्हणून श्रम खर्च करणे म्हणजे त्या मक्तेदारीलाच टेकू देणे नव्हे काय? या विचारात बळ आहे. परंतु इतिहास थोडा वेगळा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्या प्रकल्पाची पहिली साधने मालकीच्या युनिक्स यंत्रांवर बसूनच घडविली गेली आणि त्याच यंत्रांवर प्रथम पसरली. टोरवाल्ड्स यांनीही लिनक्सचा आरंभ मिनिक्स या दुसऱ्याच व्यवस्थेवर केला. नवे घर बांधताना राहायला जुनेच घर असते. विंडोजवर चालणाऱ्या फायरफॉक्सने आणि लिबरऑफिसने जितक्या सामान्य माणसांना मुक्त सॉफ्टवेअरची ओळख करून दिली, तितकी कोणत्याही जाहीरनाम्याने दिली नसेल.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर कठीण आहे, कारण तो श्रमाचा आहे. यांतील बहुसंख्य प्रकल्प मूठभर स्वयंसेवक रात्री जागून चालवितात. आणखी एक सिस्टीम सांभाळणे म्हणजे आणखी एक यंत्र, आणखी एक प्रकारच्या तक्रारी, आणखी रात्री. मॅकच्या बाबतीत तर ॲपलच्या परवान्यानुसार ती सिस्टीम ॲपलच्याच यंत्रावर चालविता येते. ज्याच्याकडे ते महागडे यंत्र नाही त्याने मॅकवरील दोष तपासायचे कसे? सर्वांना सामावून घ्या, असा उपदेश करणारा जर त्या श्रमाची तरतूद करीत नसेल, तर तोही एका गरिबाचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर देत आहे.

सरसकट सामावून घेण्याचे दुष्परिणामही जगाने पाहिले आहेत. महाजालावरील गोपनीय व्यवहारांचा आधार असलेल्या ओपनएसएसएलमध्ये २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. जगभरच्या बँका व कंपन्या ज्यावर विसंबून होत्या त्या कामाला राबणारी माणसे अगदी थोडी होती, हे त्या वेळी लोकांना कळले. ओपनबीएसडीच्या मंडळींनी तो कोड वेगळा काढून साफ करायला घेतला तेव्हा व्हीएमएस, ओएस-टू, सोळा बिटांचे विंडोज अशा कालबाह्य सिस्टीमसाठीच्या सोयी त्यात ठायी ठायी गुंतलेल्या आढळल्या. पहिल्या आठवड्यातच नव्वद हजारांहून अधिक ओळी काढून टाकण्यात आल्या. जो कोड वाचता येत नाही त्यातील दोष दिसत नाहीत. मेलेल्यांच्या सोयीसाठी जिवंतांची सुरक्षितता धोक्यात आली होती.

पण याच ओपनबीएसडीच्या मंडळींचा दुसरा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे, आणि वादाचा निकाल लावायचा तर तो तेथेच लागतो. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याचे ओपनएसएसएच हे त्यांचे साधन १९९९ पासून आहे. त्याचा गाभा ते एकाच सिस्टीमसाठी, स्वच्छ आणि सुटसुटीत लिहितात. इतर सिस्टीमसाठी लागणारे जुळवणीचे काम निराळ्या थरात, निराळ्या गटाकडे सोपविलेले असते. गाभ्यात गुंता होत नाही आणि कोणी वंचितही राहत नाही. पायथॉन या भाषेच्या चालकांनी याच्याच जोडीला दुसरी शिस्त लावली आहे: कोणत्या सिस्टीमला किती आधार आहे याच्या श्रेणी लेखी ठरलेल्या आहेत, आणि प्रत्येक आधारामागे जबाबदारी घेणारी माणसे असावी लागतात. कोणी उरले नाही, तर आधार संपतो, पण तो जाहीर करून. ‘सर्वांचे स्वागत आहे’ या मोघम वाक्यापेक्षा अशी यादी नवख्याला शतपटीने उपयोगी. निदान आपण दाराशी उभे आहोत की भिंतीशी, हे तरी त्याला कळते.

म्हणजे प्रश्न सामावून घ्यावे की नाही हा नसून खर्च कोठे पडतो हा आहे. ओळीच्या खुणेचा घोळ प्रकल्पाच्या चालकाने एक छोटी नियम-फाइल लिहून एकदाच मिटविता येतो. ती न लिहिल्यास प्रत्येक नवख्याला तो स्वतंत्रपणे सोसावा लागतो. एका ठिकाणी तासाभराचे श्रम, दुसऱ्या ठिकाणी हजार माणसांच्या हजार संध्याकाळी. तिन्ही सिस्टीमवर आपोआप चाचणी घेणारी यंत्रे आज खुल्या प्रकल्पांना विनामूल्य मिळतात. त्यामुळे ज्याच्याकडे मॅक नाही त्यालाही आपला कोड मॅकवर चालतो की नाही हे पाहता येते. (ती यंत्रे पुन्हा त्याच गिटहबच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या औदार्यावर अवलंबून आहेत, हे विसरता कामा नये. औदार्य हा हक्क नव्हे.)

कोणी म्हणेल, रेल्वेने १९९२ पासून एकमापी धोरण राबविले आणि रूळ एक केले. तसेच येथेही सर्वांनी एकच सिस्टीम घ्यावी म्हणजे कटकट मिटेल. हा मोह टाळला पाहिजे. रेल्वेचे जवळजवळ सर्व रूळ एकाच सार्वजनिक मालकाचे होते. संगणकाचे तसे नाही. तेथे ‘एकच’ म्हणजे कोणाची, हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि बाजारात त्याचे उत्तर नेहमी बलवत्तराच्या बाजूने लागते. रूळ वेगळे राहोत. डब्यांतील माल एका मापाच्या पेटीत भरलेला असावा, म्हणजे तो उचलून ठेवायला पोती फोडावी लागत नाहीत. युनिकोड ही तशी पेटी आहे. खुल्या स्वरूपातील फायली ही तशी पेटी आहे.

हे सर्व आताच बोलण्याला एक तातडीचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला. नव्या विंडोजला यंत्रात विशिष्ट सुरक्षा-व्यवस्था लागते. ती नसलेले असंख्य चालते संगणक त्यामुळे केवळ कंपनीच्या निर्णयाने निकामी ठरत आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपुढे दोन वाटा आहेत: नवी खरेदी, किंवा त्याच यंत्रांवर लिनक्स. केरळने या शतकाच्या पहिल्या दशकात शासकीय शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. तेथील शाळेच्या संगणकाचे आयुष्य परदेशी कंपनी ठरवीत नाही. महाराष्ट्रात असा निर्णय होईल तेव्हा होवो. तोवर एका प्रयोगशाळेत अर्धी यंत्रे या सिस्टीमवर आणि अर्धी त्या सिस्टीमवर, अशीच स्थिती राहणार, आणि दोन्हींवर सारखे चालणारे सॉफ्टवेअर ही तेथील रोजची गरज असणार.

या कामाला सातारा-सांगलीत माणसे नाहीत असे नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स-गट आहे आणि तो नवख्यांना लिनक्सची ओळख करून देतो. रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये दोन्ही जिल्ह्यांत पसरली आहेत. स्वावलंबनाचे ब्रीद घेतलेल्या संस्थेला आपल्या यंत्रांवरील स्वावलंबन परके नसावे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून दरवर्षी प्रकल्प करून घेतले जातात, आणि त्यांतील बहुतेक गुण पडताच कपाटात जातात. त्याऐवजी शिवाजी विद्यापीठाच्या व स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळांनी एखाद्या चालू मुक्तस्रोत प्रकल्पातील जुळवणीचे काम, म्हणजे जुन्या विंडोजवरील चाचणी, मराठी फाइलनावांची तपासणी, ‘ऱ्य’ च्या दोन रीतींचा शोधातील मेळ, हे गुणांस पात्र प्रकल्प म्हणून मान्य करावे. पर्यवेक्षक प्राध्यापकाच्या कार्यभारात ते तास धरावेत, नाहीतर पुन्हा फुकटच्या श्रमावरच इमारत उभी राहील. आणि प्रकल्पाबरोबर मराठीतून दोन पानी सूचना जोडणे सक्तीचे असावे: विंडोजवर काय करावे, लिनक्सवर काय करावे, कोणत्या यंत्रावर हे चालणार नाही. त्या सूचना तपासण्याचे काम लिहिणाऱ्याने करू नये. पुढच्या वर्षी नव्याने दाखल झालेल्या, स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने करावे, आणि तो जेथे अडेल ती ओळ दुरुस्त झाल्याखेरीज गुण देऊ नयेत.